मैत्रिणीच्या गावाला, ग्युमरीला

आर्मेनियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक येरेवानला उतरतात, सेवान तळं, गार्नीचं मंदिर, गेघार्दचा मठ बघतात आणि परत येतात. मीही ते सगळं बघितलं आणि सुंदरच आहे ते, पण माझं खरं जाणं होतं ग्युमरीला. कारण ग्युमरी माझ्या मैत्रिणीचं गाव. जर्मनीत आम्ही दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहायचो, किचन कॉमन, आणि त्या किचनमध्ये रात्री उशिरापर्यंत बसून मी त्या गावाबद्दल इतकं ऐकलं होतं की तिथल्या एखाद्या गल्लीत मला एकटीला सोडलं असतं तरी मी बहुतेक बेकरी शोधून काढली असती.

आमची मैत्री कशी झाली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती झोपताना बूट पलंगाशेजारी ठेवायची, टोकं दाराकडे करून. रोज. परदेशात घराच्या दारापाशी बूट काढायची पद्धत तिला माहीत होती, पाळायचीही, पण रात्री ते बूट खोलीत जायचे. एकदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे सगळे असंच करतात, भूकंप झाला होता ना. आणि मी म्हटलं, माझा मामा पण असंच करतो.

माझं आजोळ किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, हे आकडे आमच्याकडच्या माणसाला पाठ करावे लागत नाहीत. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. तिच्या गावाचे आकडे होते ७ डिसेंबर १९८८, सकाळी ११ वाजून ४१ मिनिटं. मुलं शाळेत होती, मोठी माणसं कामावर. पाच वर्षांपेक्षा कमी अंतर आहे दोन्हीमध्ये. त्या रात्री आम्ही दोघी किती वेळ बोलत बसलो कोण जाणे, चहा झाला, परत चहा झाला, आणि गंमत म्हणजे भूकंपाबद्दल फार थोडं बोललो, बाकी सगळं गावाबद्दलच, कोणाच्या घरचं काय, कुठे काय छान मिळतं, शाळेतली बाई कशी होती वगैरे.

म्हणून तिने घरी यायचं आमंत्रण दिलं तेव्हा एकच अट घातली. "मी दाखवीन त्या क्रमाने बघायचं." मला ते लगेच पटलं, कारण लातूरची म्हटलं की लोक काय विचारतात हे मी आयुष्यभर ऐकत आलेय. आधी विचारायचे, भूकंपवालं लातूर का? २०१६ नंतर विचारायला लागले, रेल्वेने पाणी नेलं तेच ना? विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, कळवळाच असतो बऱ्याचदा, पण आपल्या अख्ख्या गावाची एकच गोष्ट करून टाकली की आत कुठेतरी दुखतं. ग्युमरीबद्दल जगात जे काही लिहिलेलं सापडतं त्यातलं निम्म्याहून जास्त भूकंपाचंच असतं, आणि तिला ते माझ्याइतकंच दुखतं.

येरेवानहून ग्युमरी साधारण १२० किलोमीटर. मार्शुत्का म्हणजे शेअरची व्हॅन मिळते, पण आम्ही ट्रेनने गेलो, तिचा हट्ट. एका बाजूला अरागात्स डोंगर बराच वेळ सोबत येतो, ४,०९० मीटर उंच, चार शिखरांचा, ऑक्टोबरातच वरती बर्फ होतं. दुसऱ्या बाजूला बरंच अंतर तुर्कस्तानची हद्द जवळ असते. ग्युमरी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे आणि हिवाळ्यात तिथे पारा उणे तीसच्या आसपास जाऊ शकतो, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी ऑक्टोबरातच दोन स्वेटर घालून उतरले.

स्टेशन अवाढव्य आहे. सोव्हिएत काळातलं, मधला हॉल प्रचंड मोठा, आणि गाड्या मात्र मोजक्या. एकेकाळी हे मोठं जंक्शन होतं, तिफ्लिसहून म्हणजे आताच्या तिबिलिसीहून येणारी लाइन इथून पुढे कार्सला जायची. कार्स आता तुर्कस्तानात. १९९३ साली तुर्कस्तानने सीमा बंद केली तेव्हापासून त्या बाजूची रेल्वेही बंद. तिची आजी सांगायची म्हणे की कार्स एवढं जवळ आहे, आणि आता जायचं तर जॉर्जियाला वळसा घालून जा. सीमेलगतच्या गावाचं हे असं एक दुखणं असतं ते नकाशात कळत नाही, स्टेशनवर उभं राहिलं की कळतं, रूळ तर दिसतायत आणि गाडी नाही.

तर तिचा क्रम. पहिल्यांदा तिने मला नेलं पोंचिक खायला. पोंचिक म्हणजे तळलेला गोल पाव, आत गरम कस्टर्ड, वरून पिठीसाखर, आणि ग्युमरीचे लोक याबाबतीत येरेवानवाल्यांना अजिबात मोजत नाहीत. मग तिची शाळा, बाहेरूनच. मग बाजार, तिथे तिने प्रत्येक दुकानात मला ओळख करून दिली, ही हिंदुस्तानातून आलीय, माझ्या घरी राहतेय, आणि प्रत्येकाने काहीतरी हातात ठेवलं, सुकवलेले जर्दाळू, अक्रोड, चीजचा तुकडा. पैसे काढले की रागवायचे. सगळं वाक्य "जान" ने संपतं तिथे, ताईला जान, दादाला जान, आणि लोक सारखे हसत असतात. ग्युमरीची माणसं विनोदासाठी अख्ख्या आर्मेनियात प्रसिद्ध आहेत. सोव्हिएत सिनेमातला लाडका नट फ्रुंझिक म्कर्त्च्यान इथलाच, १९३० चा जन्म, त्याचं म्युझियम आहे गावात. पोलोझ मुकुच नावाचा जुन्या काळातला एक हजरजबाबी गृहस्थ होऊन गेला, त्याचे किस्से अजून सांगतात. भूकंपानंतर ढिगाऱ्याशेजारी शेकोटी करून बसलेली माणसंसुद्धा एकमेकांना किस्से सांगत होती असं काकू म्हणाल्या, म्हणजे तिची आई. मी त्यांना काकूच म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडलं.

आणि गाव दिसायला किती सुंदर आहे! तिथे टफ नावाचा ज्वालामुखीचा दगड मिळतो, हलका आणि कोरायला सोपा, ग्युमरीत तो काळा आणि तांबूस केशरी असा दोन रंगांत. एकोणिसाव्या शतकातली घरं आहेत या दगडाची, एकमजली, दुमजली, काळ्या भिंतीत केशरी पट्टे, कोरीव दारं, आत अंगण आणि लाकडी गॅलरी. कुमायरी म्हणतात त्या जुन्या भागाला आणि तिथे अशा हजाराहून जास्त जुन्या इमारती आहेत. तेव्हा गावाचं नाव होतं अलेक्सांद्रोपोल, झारच्या राणीवरून ठेवलेलं, १८३७ साली. लेनिन गेल्यावर १९२४ साली लेनिनाकान झालं. १९९२ पासून ग्युमरी. तिच्या पणजीच्या, आजीच्या आणि तिच्या जन्माच्या कागदावर गावाची वेगवेगळी नावं असतील असं मला वाटलं होतं, तर ती म्हणाली पणजीच्या जन्माचा कागदच नाही. पणजी अनाथ म्हणून आली होती गावात, १९१५ च्या नरसंहारानंतर. अमेरिकन मदतसंस्थेने इथल्या रशियन बराकींमध्ये अनाथाश्रम काढले होते, वीस हजारांच्या वर मुलं होती एका वेळी, जगातला सगळ्यात मोठा अनाथाश्रम म्हणायचे त्याला. आडनाव, गाव, वय सगळं तिथेच कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. त्या पणजीने पुढे लग्न केलं, टफच्या घरात संसार केला. ते घर अजून आहे.

आता इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे कारण माझ्या मनातून ती जात नाही. किल्लारीत माणसं मेली ती जुन्या घरांनी. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वरती माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचा थरावर थर, दरवर्षी पावसाआधी अजून थोडी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि त्या पहाटे तेच सगळं अंगावर आलं. ग्युमरीत नेमकं उलटं. पणजीच्या काळातली दगडी बुटकी घरं भेगा पडून का होईना बरीचशी उभी राहिली, आणि पडल्या त्या सोव्हिएत काळातल्या नऊ मजली नव्या इमारती, काँक्रीटच्या तयार खांब-तुळया आणून जोडलेल्या. सांधे कच्चे, काम निकृष्ट, गावाखालची जमीन मऊ गाळाची त्यामुळे हादरा वाढला, आणि डिझाइन करताना एवढा मोठा भूकंप धरलेलाच नव्हता. त्याच वेळी बांधलेल्या, पण अख्ख्या भिंतींचे पॅनल जोडून केलेल्या इमारती टिकल्या. माझी मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, ती हे सगळं बोटाने हवेत खांब काढून दाखवते आणि मग म्हणते, "जुनं वाईट की नवं वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे, सांधा कसा केलाय ते बघ." आमच्याकडे भूकंपानंतर लोक म्हणायला लागले दगडाचं घर नकोच, सिमेंटचंच पाहिजे. त्यांच्याकडे म्हणायला लागले सिमेंटचं नकोच. दोन्हीकडे माणसं आपल्या अनुभवापुरती बरोबर होती.

रात्री काकूंनी पानरखाश केलं, मी शाकाहारी म्हणून मुद्दाम. मी किचनमध्ये त्यांच्या मागेमागे. वाळवलेला लवाश, म्हणजे तंदुरात भाजलेली कागदासारखी पातळ मोठी रोटी, ती हाताने मोडून भांड्यात एक थर, त्यावर तेल पानिर, हे दोऱ्या-दोऱ्यांचं खारट चीज असतं, बोटांनी एकेक दोरी सोडवून पसरायची, मग परत लवाश, परत चीज. बाजूला भरपूर लोण्यात कांदा परतायला ठेवलेला, तो चांगला लाल झाला की वरून ओतायचा आणि मग उकळतं पाणी घालून लगेच झाकण. पाच मिनिटं कुणी झाकणाला हात लावायचा नाही. उघडलं तेव्हा जो वास आला ना, मला एकदम दुधात कुस्करलेल्या भाकरीवर आजी लसणाचं तेल घालायची ते आठवलं, चव अगदी वेगळी पण पोटात जाताना तेच समाधान. कडक हिवाळ्याचं, कमी पैशाचं, शिळं वाळलेलं वाया न घालवण्याचं जेवण आहे हे. काकू स्वतः जेवायला बसल्या त्या दाराजवळच्या खुर्चीवर, मैत्रीणही तशीच बसते.

काका म्हणजे तिचे वडील जरा घुमे. त्यांना आर्मेनियन आणि रशियन येतं, मला दोन्ही नाही, त्यामुळे पहिला दिवस नुसता मान हलवण्यात गेला. मग त्यांनी विचारलं इंडियात कुस्ती आहे का, आणि मग जे सुरू झालं! ग्युमरी हे पैलवानांचं गाव आहे. अर्तुर अलेक्सान्यान इथला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमनचं सुवर्ण, आणि वेटलिफ्टर युरी वर्दान्यान, १९८० च्या मॉस्कोचं सुवर्ण, तोही इथलाच. काका स्वतः तरुणपणी ग्रीको-रोमन खेळायचे, कमरेखाली पकडायचं नाही ती कुस्ती. मी त्यांना खाशाबा जाधव सांगितले, १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य, रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आमच्या लातूर जिल्ह्यातले, आणि अर्जुन पुरस्कार मिळालेले काका पवार तर लातूरचेच आणि ग्रीको-रोमनचेच. नावातच काका आहे म्हटल्यावर मैत्रीण हसून हसून पडली कारण मी तिच्या वडलांना दिवसभर काकाच म्हणत होते. मग लाल मातीबद्दल सांगितलं, त्यात ताक, तेल, हळद घालतात हे ऐकून काकांनी मैत्रिणीला परत परत विचारलं, नीट भाषांतर केलंस ना?

हे काका तिच्या लहानपणी वर्षातले सात-आठ महिने घरात नसायचे. सोव्हिएत संघ मोडला तशा गावातल्या गिरण्या बंद पडल्या, लेनिनाकानच्या कापडगिरण्या मोठ्या होत्या, हजारो बायका कामाला. मग वसंतात पुरुष रशियात बांधकामावर जायचे आणि बर्फ पडायला लागलं की परत यायचे. अजूनही जातात. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात, फक्त तिथे बाया-पोरं मागे राहतात एवढाच फरक. ती म्हणाली बाबा परत आले की पहिले दोन दिवस मी त्यांच्याशी लाजून बोलायचेच नाही.

डोमिक तिने नंतर दाखवलं. भूकंपानंतर पाच लाखांवर माणसं बेघर झाली होती, त्यांना राहायला सगळ्या सोव्हिएत संघातून रेल्वेने लोखंडी डबे आले, कंटेनर, वॅगन, तात्पुरती केबिन, त्यांना डोमिक म्हणतात. मॉस्कोच्या सरकारने सांगितलं होतं दोन वर्षांत गाव परत उभं करू. तीन वर्षांत सोव्हिएत संघच राहिला नाही. ही डोमिकमध्ये वाढली, शाळा डोमिकमध्ये राहून झाली, कॉलेजला जाईपर्यंत तिथेच. आणि त्यात ते नव्वदीतले दिवस, सीमा बंद, शेजारी युद्ध, मेत्सामोरचं अणुवीज केंद्र भूकंपाच्या भीतीने १९८९ ला बंद केलेलं ते १९९५ ला सुरू झालं, तोवर दिवसात तास-दोन तास वीज. लोकांनी रस्त्यावरची झाडं जाळली, लाकडी फरशा काढून जाळल्या. लोखंडी डब्यात उणे पंचवीस. रात्री शेगडी विझली की सकाळी आतल्या भिंतीवर बर्फाची साय असायची आणि ती त्यावर नखाने गणितं सोडवायची.

तिचं डोमिक आता नाही, पण त्याच ओळीत काही उरलीत आणि त्यात माणसं राहतात, आजही, गावात नवी हॉटेलं आणि आयटीच्या कंपन्या आल्या तरी. तिच्या ओळखीच्या एका आजीच्या डोमिकमध्ये आम्ही कॉफी प्यायलो. बाहेरून गंजलेला पत्रा, त्याला डांबरी कागद, जुने दरवाजे, गालिच्याचा तुकडा जे मिळेल ते ठोकलेलं. आतमध्ये इस्त्री केलेला पांढरा टेबलक्लॉथ, भिंतीवर मोठा गालिचा, आणि कप काढले ते काचेच्या कपाटातले, पाहुण्यांचे. आजी म्हणाली पहिली दोन-तीन वर्षं तिला डोमिक आवडायचं, कारण डोक्यावर जड काही नाही, रात्री झोप यायची. मला पटकन मामा आठवला. पुनर्वसनात त्यालाही भूकंपरोधक घर मिळालं, सरळ रस्त्यांचं नवं गाव, पण कित्येक वर्षं तो घराशेजारी पत्र्याची शेड टाकून तिच्यातच झोपायचा, पत्रा पडला तरी माणूस मरत नाही म्हणायचा. तिकडे अनेकांनी हेच केलं. मी मैत्रिणीला म्हटलं, हे आजींना सांग. तिने सांगितलं. आजी काही बोलली नाही, तिने माझ्या कपात अजून कॉफी ओतली आणि विचारलं, मामाचं लग्न झालंय का, मुलं किती.

चौकातलं काळ्या टफचं मोठं चर्च आणि शेजारचं स्मारक शेवटच्या दिवशी. ते चर्च भूकंपात कोसळलं होतं, दशकानुदशकं काम चाललं आणि आता परत उभं राहिलंय. समोरच्या चर्चच्या आवारात पडलेले घुमट तसेच ठेवलेत. मग गावाबाहेरची दफनभूमी. काळ्या गुळगुळीत दगडांवर फोटोवरून कोरलेले चेहरे, शाळेच्या गणवेशातली मुलं, लग्नाच्या पोशाखातली जोडपी, आणि मृत्यूची तारीख दगडामागून दगड एकच. काहींवर घड्याळ कोरलंय, ११ वाजून ४१ मिनिटं. त्या भूकंपात कमीत कमी २५ हजार माणसं गेली. किल्लारीच्या वेळी दहा हजारांच्या आसपास. काकूंची धाकटी बहीण इथे आहे, ती नऊ मजलीमध्ये राहायची. मैत्रिणीने दगड रुमालाने पुसला, चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून, आणि मावशीला माझी ओळख करून दिली, बाजारात सगळ्यांना करून दिली होती तशीच, ही हिंदुस्तानातून आलीय, माझ्या घरी राहतेय.

तोपर्यंत मला त्या गावातल्या इतक्या लोकांची नावं आणि किस्से माहीत झाले होते की मी तिथे परकी उभी नव्हते. तिने क्रम का लावला होता ते मला आधी डोक्याने पटलं होतं, तिथे मनाने पटलं. पहिल्याच दिवशी इथे आले असते तर मला पंचवीस हजार हा आकडा दिसला असता फक्त.

आता तिची पाळी आहे. डिसेंबरात येणार आहे लातूरला, आणि क्रम मी ठरवणार. आधी गंजगोलाई, सोळा रस्ते एका गोलाला येऊन मिळतात ते तिला इंजिनीअर म्हणून दाखवायचंय, मग निलंगा राईस, मग औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, येताना उजनीला थांबून बासुंदी. मामाकडे मुक्काम. किल्लारी शेवटी. काका पण येतो म्हणतायत, त्यांना लाल मातीतली तालीम बघायचीय आणि शक्य झालं तर पहाटेचा सराव, तर लातुरात किंवा आसपास सध्या चांगली तालीम कुठे चालते हे कुणाला माहीत असेल तर मला नक्की सांगा, वस्तादांशी बोलून आधी वेळ घेते.